गाडीवरची पाटी

थिनरचा बोळा पाटीपाशी न्यायचा अन् परत मागं घ्यायचा, सकाळपासनं माझं हेच चाललं होतं. पोरगी इंग्रजीची मास्तरीण झालेली. आज नव्या शाळेतल्या बाया घेऊन माझ्या कुल्फीच्या गाडीवर येणार होती. अन् पाटीवर इंग्रजीत 'डेझर्ट' लिवताना एक 'एस' कमी! त्यामुळं गोडाच्या पदार्थाचं वाळवंट झालंय, असं एका शिकलेल्या गिऱ्हाइकानं मला कवाच सांगितलेलं.

पण हात काही धजंना. तेवढ्यात त्या आल्याच.

एकीनं पाटी वाचली अन् दुसरीला कोपरानं ढोसलं. दोघी फिसकन हसल्या.

"म्याच लिवलंय ताई ते," मी घाईनं म्हणलं. "अडाणी माणूस मी. ही माझी पोरगी कवाधरनं म्हणती, पुसा."

पोरगी माझ्याकडं बघतच ऱ्हायली.

"खोटं बोलतायत आप्पा," ती म्हणाली. "मी लिहिलंय. तिसरीत होते, स्टुलावर चढून लिहिलं. सगळ्या गावाला स्वतःवर हसू देतात, पण माझं नाव सांगत नाहीत."

तिनं माझ्या हातातला बोळा काढून घेतला अन् कचऱ्याच्या टोपलीत टाकला.

"द्या आता आप्पा, ह्या वाळवंटात चार मलई कुल्फ्या."