क्लिक करणारी माणसं

मेघा दुकानात शिरली तेव्हा चंपतराव एका नव्याकोऱ्या जोड्याचा तळ उसवत बसले होते. महाल भागातल्या गल्लीतलं त्यांचं दुकान दहा बाय आठचं. मधुमेहामुळे ज्यांच्या पायांना जखमा होतात, अशांसाठी ते तिथे एकतीस वर्षं जोडे शिवत होते. तळाला दोन बोटं जाड मऊ रबर, आणि आत एकही शिवण टोचणार नाही असं अस्तर.

"या मॅडम, बसा." त्यांनी फडक्याने स्टूल पुसून पुढे केलं.

मेघा प्रताप नगरातल्या घरातूनच लहान दुकानदारांच्या इंटरनेटवरच्या जाहिराती चालवायची. चंपतरावांची जाहिरात सुरू होऊन महिना झाला होता. तिने मोबाईलवर रिपोर्ट उघडला आणि रस्त्यात ठरवलेलं वाक्य म्हटलं, "काका, या महिन्यात तेवीसशे लोकांनी तुमच्या जाहिरातीवर क्लिक केलं."

"हो. मागच्या सोमवारी तुम्ही फोनवर सतराशे सांगतलं होतं." चंपतरावांनी आरी खाली ठेवली. "आता तेवीसशे. अन् आला एकही नाही."

"वेळ लागतो काका."

"वेळेचं नाही जी. मी इचार केला. शंभर लोक पाहून गेले असते, तं म्हन्तलं असतं, नसंल त्यायले गरज. पण तेवीसशे लोक जोडा पाहून जातेत अन् एकालेही घ्यावासा वाटत नाही. म्हंजे खोट जोड्यात आहे."

मागे त्यांची बायको भागीरथा पट्ट्यांना टाके घालत होती. ती मान वर न करता म्हणाली, "तीन दिवस झाले, हेच चालू आहे. जाड तळ भद्दा दिसते म्हन्तेत. सात जोडे उसवले. आता पातळ तळ लावून राहिले, बाजारातल्यावानी."

"पातळ?" मेघा म्हणाली. "मग पायाला टोचणार नाही?"

"टोचन," चंपतराव म्हणाले. "पण लोकायले पसंत तं पडन."

त्यांच्या पायाशी उसवलेल्या तळांचा ढीग पडला होता. मेघा त्याच्याकडे पाहत राहिली.

रिपोर्टला दुसरं पान होतं. ते ती कुणालाच दाखवत नसे. जाहिरात कुठे कुठे दिसली, त्याची यादी त्यात होती. फुगे फोडायचा गेम. टॉर्चचं ॲप. पत्त्यांचा गेम. मुलांची कार्टून. ही यादी तिने दुसऱ्याच आठवड्यात वाचली होती. जाहिरात लावताना एका चौकोनातली खूण काढली असती, तर ती असले जोडे स्वतः शोधणाऱ्यांनाच दिसली असती. पण मग महिन्याला तीस-चाळीस क्लिक आले असते. तीस-चाळीस हा आकडा रिपोर्टमध्ये बरा दिसत नाही.

चंपतरावांनी पुन्हा आरी उचलली.

"काका, उसवू नका."

"काहून?"

"तुमचे जोडे कोणी पाहिलेच नाहीत."

आरी थांबली. मागचे टाकेही थांबले.

मेघाने दुसरं पान उघडून मोबाईल त्यांच्या हातात दिला. "हा फुगे फोडायचा खेळ आहे. माणूस खेळत असतो आणि मध्येच तुमची जाहिरात येते. ती बंद करायला जातो, तेव्हा बोट चुकून तिच्यावरच पडतं. तो एक क्लिक झाला, आणि त्याचे पैसे कापले गेले. कशाची जाहिरात होती, हेसुद्धा त्याला कळत नाही. जाहिरातीचे दिवसाचे ठरलेले पैसे असेच दुपारच्या आत संपायचे. ज्याला खरंच जोडा हवा होता, त्याच्यापर्यंत जाहिरात पोचलीच नाही."

मग म्हणाली, "मला हे पंधरा दिवसांपासून माहीत होतं. आकडा मोठा दिसत होता, म्हणून मी तसंच राहू दिलं."

आता ते चिडतील, म्हणून ती वाट पाहत होती. त्यांनी चिडावं, असंच तिला वाटत होतं.

चंपतराव यादीवरून एकेक ओळ बोट फिरवत खाली गेले. पुन्हा वर आले. "म्हंजे, नापसंत कोणालेच नाही झाले?"

"नाही."

"एकालेही नाही?"

"नाही, काका."

त्यांनी मागे वळून हाक मारली, "ऐकलं का वं? कोनं पाह्यलेच नाही म्हन्ते!" आणि ते मोकळं हसले. हसता हसता त्यांनी हातातला जोडा उलटा केला आणि अर्धवट निघालेला तळ अंगठ्याने पुन्हा जागच्या जागी दाबून बसवला.

भागीरथा हसली नाही. तिने एकदा मेघाकडे पाहिलं आणि सुईत दोरा ओवायला घेतला.

मेघाचे कान तापले. तिने मोबाईल परत घेऊन तो चौकोन शोधला आणि त्यातली खूण काढली. एक श्वास पुरा व्हायच्या आत ते झालं. "बंद केलं," ती म्हणाली. ती उठली.

"टाच दुखते का जी तुमची?" चंपतरावांनी विचारलं. "आल्या तवाच पाह्यलं, एकाच पायावर भार देऊन चालत होत्या."

"थोडी. चालेल काका."

"थांबा. चप्पल काढा."

"नको, खरंच नको."

"काढ नं, पोरी."

त्यांनी जमिनीवर कोरा कागद पसरला. मेघाने पाय ठेवला. चंपतराव गुडघ्यांवर बसले, पुरते वाकले, आणि त्यांच्या खरखरीत तळव्याने तिची टाच धरली. वडिलांहून थोरला माणूस, पांढऱ्या केसांचं डोकं तिच्या पायाशी. पेन्सिल टाचेभोवती फिरू लागली तशी तिने झटकन पाय मागे ओढला.

"हलू नको," ते वर न पाहता म्हणाले. "माप चुकते."