उशीवरची वाळू

रोज सकाळी केशवरावांच्या उशीवरची वाळू झाडताना कुमुद कुरकुरायची, "अहो, तोंडाला फडकं तरी बांधत जा!"

"मग श्वास कुठून घेऊ?" ते हसायचे.

जमिनीखालच्या धगधगत्या खाणीत टिकावं म्हणून कंपनीनं त्यांच्या देहात कार्बनऐवजी सिलिकॉन भरला होता. कार्बन जळला की वायू होऊन उडून जातो. त्याच कुळातल्या सिलिकॉनची मात्र वाळू होते, आणि ती त्यांच्या उच्छ्वासातून बाहेर पडायची.

आजही वाळू वसाहतीच्या सामाईक ढिगावर टाकून ती परतली, तेव्हा केशवरावांचा श्वास थांबला होता.

देह कंपनीच्या मालकीचा. तो कंपनीनं नेला. दीर हळूच म्हणाला, "वहिनी, अस्थी म्हणून नदीत काय सोडायचं?"

कुमुद सूप घेऊन ढिगाकडे धावली. तिथे शेजारच्या दोघी आधीच आपापल्या नवऱ्याची वाळू शोधत बसल्या होत्या.