प्रार्थनेची जोडी

"नाव घेऊ का?" कोकिळाने विचारलं.

"माझ्यापाशी कसला आडपडदा, ताई?" दिपमाला चटईवर जरा पुढे सरकली.

देवपुरातल्या त्यांच्या ख्रिस्ती मंडळीत बायकांच्या जोड्या लावायची रीत होती. दर गुरुवारी दुपारी दोघी-दोघींनी बसायचं, आठवडाभर मनात साचलेलं सांगून टाकायचं आणि मग एकीने दुसरीसाठी मोठ्याने प्रार्थना करायची. चटईवरचं चटईवरच राहायचं. कोकिळा आणि दिपमालाची जोडी जुनी. दिपमाला दवाखान्यात नर्स होती, नवरा वारल्यापासून एकटीच राहायची. आणि गोष्ट पोटात ठेवण्यात तिचा हात धरणारं धुळ्यात कोणी नव्हतं.

"मयुरी," कोकिळा म्हणाली, आणि तिला रडूच फुटलं.

मयुरी म्हणजे गायनमंडळात नव्याने आलेली, पारोळ्याहून ये-जा करणारी पोरगी. गळा गोड, रूपही तसंच. कोकिळाचा नवरा योगराज तिथे तबला वाजवायचा. सरावाच्या दिवशी तो तिला स्कूटरवरून स्टँडवर सोडायचा आणि घरी यायचा तो सगळ्यांची जेवणं उरकल्यावर. शिवाय सरावाला जाताना आरशासमोर दोन-दोनदा भांग पाडायचा! आता बाईमाणसाने समजायचं तरी काय?

"पण तू डोळ्यांनी काही पाहिलंस का?" दिपमालाने विचारलं.

"नाही गं. नुसता विचार. तोच पोखरतोय. वीस वर्षांचा संसार आहे माला, तो मोडला तर मी जाऊ कुठं? आणि विचार खोटा निघाला, तर देवासमोर कोणत्या तोंडाने उभी राहू?"

"मग कशाला थारा देतेस त्याला? विचार म्हणजे दारावरचा फिरस्ता, ताई. एकदा चहा पाजलास की रोज कडी वाजवणार. उंबऱ्यावरूनच हाकलून लाव."

कोकिळाने ते मनावर घेतलं. विचार आला रे आला की गीत म्हणायचं. भांडी घासताना गीत, कपडे वाळत घालताना गीत, कळण्याच्या भाकऱ्या थापताना गीत. शेवटी बाहेरच्या खोलीतून सासूबाई ओरडल्या, "काय वं कोकिळा, दिनभर गानाच म्हनी ऱ्हायनी! भाकर करपी गई नं!"

योगराजचा मोबाइल वाजला की तो गॅलरीत जायचा. कोकिळा मान फिरवायची आणि नवं कडवं सुरू करायची. सोपं नव्हतं ते. एखाद्या दिवशी तर घसा बसायचा, पण मन काही बसायचं नाही.

आणि एका संध्याकाळी मयुरीच दारात उभी! हातात पेढ्यांचा डबा, मागे एक लाजाळू तरुण.

"काकू, हे दीपक. दीपनगरला नोकरीला आहेत. आमचं लग्न ठरलंय." मयुरी कोकिळाच्या गळ्यातच पडली. "काकांमुळे माझी बस एकदाही चुकली नाही हो. सराव संपला की उजेडातच मला बसमध्ये बसवून देतात. पोटच्या पोरीसारखं करतात माझं."

कोकिळाला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं. पेढा तोंडात फिरेना. या लेकरावर आपण मनातल्या मनात किती चिखल उडवला!

त्या दिवशीही योगराज उशिराच आला. उजेडातली बस आणि अंधारातलं येणं यांची गाठ मन घालू बघत होतं. "चल, नीघ," कोकिळाने मनाला दटावलं आणि त्याचं ताट वाढायला घेतलं. एकदा पोळलं तेवढं पुरे होतं.

गुरुवारी चटईवर बसल्या बसल्या तिने दिपमालाला सगळं सांगितलं.

दिपमालाने आधी पदर सारखा केला. मग हसली. "बघ, मी म्हटलं नव्हतं?"

"म्हटलं होतंस गं बाई. तू नसतीस तर मी आपल्या हातानेच घराला काडी लावली असती." कोकिळाने तिचे दोन्ही हात धरले. कित्येक महिन्यांनी तिला हलकं हलकं वाटत होतं. मन कसं आंघोळ करून उठल्यासारखं.

"चल, आज तुझ्या सगळ्या घरासाठी प्रार्थना करते."

दोघींनी पदर डोक्यावर घेतले, डोळे मिटले. दिपमालाच्या प्रार्थनेचं मंडळीत नाव होतं. एकदा का ती सुरू झाली की तिला भान म्हणून राहायचं नाही. काळजातलं सरळ ओठांवर यायचं.

"हे प्रभु, ताईच्या घरावर तुझा हात ठेव. सासूबाईंच्या गुडघ्यांना आराम दे. ताईचं मन असंच निर्मळ राहू दे. आणि योगराजभाऊंना सांभाळ, प्रभु. फार ओझं आहे रे त्यांच्या जिवावर. जरा डोळा लागला की दचकून उठतो, लहान पोरासारखा आईला हाका मारतो, कुशीत घेऊन थोपटल्याशिवाय परत झोपतच नाही. ती भीती काढून टाक, प्रभु..."

कोकिळाने डोळे उघडले. एवढ्या वर्षांत तिने या चटईवर सगळं सांगितलं होतं. पण नवऱ्याची लाज राखायची म्हणून ही एक गोष्ट तिने कधीच कोणाला सांगितली नव्हती.