बुजवलेली भोकं

"कुसाबाईचं घर हेच का?" संपदाने गाडीच्या काचेतून विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता खाली उतरली.

सायखेड्याच्या त्या गल्लीत पाय टाकताना तिने ओढणी वर धरली. दारात कांद्याच्या गोण्या, पत्र्याखाली शेळी, तारेवर वाळत घातलेली गोधडी. जे जिथे पडलं ते तिथे. 'यांना नजरच नाही,' ती मनात म्हणाली.

हे वाक्य ती दिवसातून पाच-सहा वेळा तरी म्हणत असे. गंगापूर रोडवरच्या तिच्या सोसायटीतल्या बायकांना नजर नव्हती, त्या मॉलमधून प्लॅस्टिकची फुलं आणायच्या. पोटची मुलगी आरोही, तिलाही नव्हती. बंगळुरूहून आली की गच्चीवर जाऊन नाक मुरडायची, "आई, हा उकिरडा आवर." हल्ली तर तिचं येणंच कमी झालं होतं. संपदा भंगारातून गंजके डबे, फुटक्या बरण्या, झिजलेले टायर उचलून आणायची. त्यांना घासायची, रंगवायची, सुतळी गुंडाळायची, त्यांत झाडं लावायची. दर रविवारी ती हे फुकट शिकवायची. पहिल्या महिन्यात सात बायका आल्या, दुसऱ्यात दोन. मग कोणी नाही. न येईनात का. कलेसाठी मुळात काही असावं लागतं माणसात.

कुसाबाईत ते नव्हतंच. बुधवार-शनिवारी ती मेथी-कोथिंबिरीची पाटी घेऊन यायची, उंबऱ्यात बसून चहा प्यायची आणि संपदा बोलेल ते मान डोलवत ऐकायची. जाताना संपदा तिच्या पाटीत एखादी वस्तू ठेवायची. "असू द्या की बाई," असं एकदा म्हणून कुसाबाई ती घेऊन जायची. फुकटचं कोणाला नको असतं? पण शेतकऱ्याच्या घरात, सारवलेल्या भिंतीशी आपला रंगीत डबा कसा दिसेल, हा विचार संपदाच्या डोक्यातून जाईना. फोटो झकास आले असते. तेवढ्यासाठीच ती आज न कळवता आली होती. कळवलं असतं तर या लोकांनी डब्यावर प्लॅस्टिकचा हार घालून ठेवला असता.

आतून एक तरुण बाई पदराला हात पुसत आली.

"बचत गटाच्या मॅडम ना तुम्ही? या, बसा. मी हर्षाली, सून त्यांची. आत्याबाई मळ्यात गेल्यात, कांदे काढायचं चाललंय. येतीलच आता."

संपदाने तिची चूक दुरुस्त केली नाही. हिच्याशी ओळख करून घ्यायची तरी कशाला? तिने मोबाइल काढला आणि भिंती न्याहाळल्या. देवाचं कॅलेंडर, लग्नाचा फोटो, मांडणीवर स्टीलची भांडी. तिचं एकही काम दिसेना.

मग तिची नजर शेळीकडे गेली. शेळी एका टायरमधून चारा खात होती. त्या टायरला संपदाने दोन दिवस बसून सुतळी गुंडाळली होती, बोटं सोलवटून घेतली होती. आता तो उघडाबोडका होता. चुलीशेजारी तेलाचा पत्र्याचा डबा होता. तोही तिने ओळखला, कारण त्याच्या कोपऱ्यात वारली नाचातली एक बाई अजून उरली होती. कंबरेपासून खाली खरवडलेली. आत बाजरी होती.

"हे कोणी केलं?" संपदाचा आवाज चढला.

"मीच की!" हर्षालीला ते कौतुक वाटलं. "लय चिवट रंग होता, मॅडम. थिनर लावून तारेच्या घासणीनं काढला. अन् बुडाला पाच भोकं पाडलेली, चांगल्या डब्याला! ह्यांनी एमसील लावून बुजवली. आता धा किलो बाजरी बसती. अन् त्या टायरची सुतळी सोडवली तर इतकी निघाली, की सगळ्या गोण्या शिवून झाल्या."

संपदाची कानशिलं तापली. अडाणी, शुद्ध अडाणी. माकडाच्या हातात दिलं आपण सगळं.

"कोणीतरी जीव ओतून केलं असेल ते," ती एकेक शब्द चावत म्हणाली. "तुमच्या सासूला त्याची किंमत नव्हती, तर आणलं कशाला? फुकट मिळतं म्हणून?"

हर्षालीचं हसू मावळलं. तिने आधी दाराकडे पाहिलं, सासू आली तर नाही ना म्हणून, आणि मग आवाज खाली घेतला.

"तसं नाय हो, मॅडम. नाशकात एक बाई हाय, एकटीच राहती. ती देती हे. आम्हीबी म्हणतो, नका आणत जाऊ. तर म्हणत्यात, नाय म्हणलं की तिचं तोंड एवढंएवढं होतं."

संपदाने हातातला मोबाइल खाली घेतला.

"अन् तिच्याकडं विकायला जात्यात म्हणाल, तर भाजी खाली रस्त्यावरच खपून जाती," हर्षाली म्हणाली. "गुडघे गेलेत आत्याबाईंचे. तीन जिने चढू नका म्हणून ह्यांनी किती येळा सांगितलं. पण ऐकतच नायत. म्हणत्यात, ती बाई दार उघडतानाच बोलायला लागती. आपण नाय गेलो, तर बोलंल कोणाशी?"