रिकाम्या हाताने

शेजारच्या घरी बारसं होतं. सगळी गल्ली तिकडे जमली होती. सुगंधाबाई मात्र ओट्यावर एकट्याच तांदूळ निवडत बसल्या होत्या. तेवढ्यात गरिबीची पाहणी करणारी मुलगी आली.

"मावशी, दोन वेळ जेवता ना? पक्कं घर, गॅस आहे?"

"आहे की सगळं."

"मग तुम्ही गरिबांत बसत नाही." मुलगी हसून उठली. "बारशाला नाही गेलात?"

"गुडघा दुखतो गं."

"चला, हाताला धरून नेते."

सुगंधाबाईंनी मान खाली घातली. "बाळाला साधं झबलंही घेता आलं नाही. रिकाम्या हाताने कशी जाऊ?"

मुलीने हातातला कागद पुन्हा चाळला. पाहणीत असा प्रश्नच नव्हता.

ती निघून गेली. भिंतीपलीकडे पाळणा सुरू झाला. सुगंधाबाईंनी दार लावलं आणि अगदी हळू आवाजात त्याही गाऊ लागल्या.