रिकाम्या ताटांचा चित्रकार

"माझी वांगी कुठे गेली?" नॉर्मनने घाबरून विचारलं. तो इंग्रज चित्रकार लेस्टरमध्ये खांबेटेकाकूंकडे जेवणासकट भाड्याने राहत होता.

"भाजीत. टेबलावर सुकत पडली होती मेली," काकू म्हणाल्या. "हात धुऊन घे, ताट वाढलंय."

ज्या वांग्यांचं चित्र काढायचं होतं, तीच नॉर्मन मुकाट्याने जेवला. समोर दुसरं काही उरलंच नाही, म्हणून त्याने रिकामं ताट रंगवलं. आधुनिक माणसाचं एकाकीपण असं कुणी दाखवलंच नव्हतं, असं टीकाकार म्हणाले. मग काय! भोपळा, मटार, सुरमई, जे जे त्याने चित्रासाठी मांडलं, ते काकूंनी शिजवलं. नॉर्मन जेवत गेला, ताटं रंगवत गेला. डोक्यावरचे केस गेले, पण नाव झालं.

लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात त्याने काकूंना मानाने नेलं. भिंतीभर रिकामी ताटं बघून त्यांचा चेहराच पडला. तेवढ्यात एका टीकाकाराने नॉर्मनला हळुवारपणे विचारलं, "ही भूक तुमच्या आयुष्यात कुठून आली?"

"उपाशी नाही हो ठेवलं मी याला!" काकू कडाडल्या. त्यांनी पिशवीतून डबा काढला, झाकणात भरली वांगी वाढली आणि टीकाकारापुढे धरली. "खाऊन बघा, मग बोला."

टीकाकाराने बोटाने निपटून झाकण लख्ख केलं.

"थांबा, ते हलवू नका!" नॉर्मन खिशात पेन्सिल शोधत ओरडला.

काकूंनी झटकन दुसरं वांगं वाढलं.