खुडूक

"एका अंड्याला साडेपाच रुपये! आणि डॉक्टर म्हणतात, रोज दोन खा. मग भात काय शेजाऱ्यांकडे जाऊन खायचा?"

स्नेहल हे कुणाला उद्देशून म्हणाली नव्हती. सातवा महिना लागलेला, मांडीवर फाइल, दवाखान्याचं अरुंद बाकडं. ती आपली स्वतःशीच कुरकुरली. पण पनवेलातल्या दवाखान्यात स्वतःशी बोलायची सोय नसते. शेजारी मुनाफ बसला होता. बाजारातला अंड्यांचा घाऊक व्यापारी. त्याला ते लागलंच.

"आमच्यावर कशाला चिडता, बेटी? मका केवढा महागलाय, कोंबडी खाणार काय? त्यात हा उन्हाळा. तलखी वाढली की कोंबडी अंडं देत नाही. वर घाटावर तो रोग आलाय. शेडच्या शेड रिकाम्या केल्या म्हणतात. तिकडनं गाडीच उतरत नाही, तर भाव उतरणार कुठनं?" मग तो समोरच्या बाकड्याकडे वळला. "या भामावहिनी. यांचा माल तर घरचा. पण आठ दिवसांत एक ट्रे नाही. का हो वहिनी?"

भामानं पदर अंगाभोवती आवळून घेतला. डोक्यावरचा पंखा मेला उगाच एवढा जोरात फिरत होता.

"खुडूक बसल्यात," ती म्हणाली.

"म्हणजे?" स्नेहलनं विचारलं.

"अंडी देयाची थांबते कोंबडी, आन् उबवायला बसते. रुसून. उठवली तं टोचते."

"सगळ्या एकदम?"

"एकीचं बघून दुसरी."

"आमच्या सोसायटीतल्या बायकांसारखंच की!" स्नेहल हसली.

मुनाफ हसला नाही. गावठी कोंबडी खुडूक बसते. शेडमधली पांढरी कोंबडी, भामाकडे होती तसली, बसत नाही. तिच्या अंगातून ती हौस केव्हाच काढून टाकलेली असते. वीस वर्षं अंडी विकणाऱ्याला हे ठाऊक नसेल असं नाही. पण तो म्हणाला, "अच्छा, खुडूक," आणि चपलेचा अंगठा निरखत बसला.

रामूचं डोकं भामाच्या खांद्यावर होतं. चार दिवस ताप होता नवऱ्याला. सकाळी त्याला धाप लागली, तेव्हा कुठं ती त्याला घेऊन निघाली होती. मघाशी रिक्षात त्याचं कपाळ तव्यासारखं लागत होतं. आता तेवढं लागत नव्हतं. उतरत असेल ताप, असं तिनं ठरवून टाकलं.

दोन हजारांतल्या नऊशे कोंबड्या गेल्या होत्या. माना वाकड्या, तुरे काळेनिळे. पहिल्या दिवशी नवराबायकोनं एकमेकांना सांगितलं, उन्हानं. दुसऱ्या दिवशी काहीच सांगितलं नाही; शेडमागं खड्डा खणला. 'खुडूक' हा शब्द भामानंच काढला. शेजारच्या गुणाबाईवर आधी चालवून पाहिला. म्हातारी जन्मभर गावठी कोंबड्या पाळत आलेली. ती फसणार नव्हती, पण तिनंही मान डोलावली. तिच्या अंगणात अकरा कोंबड्या होत्या, आणि त्यांच्यावरच तिची चूल होती. खरा शब्द बाहेर पडला की सरकारी माणसं येणार, तोंडं बांधून, आणि गावातली एकूण एक कोंबडी पोत्यात भरणार. मग सगळं गाव खुडूक म्हणू लागलं. पळून गेलेल्या पोरीला मामाकडं गेलीय म्हणतात, तसं.

"डॉक्टरनी इचारलं तं?" रामूनं घरून निघताना एवढंच विचारलं होतं.

"ताप हाय म्हनायचं. कोंबडीचं नाव काढायचं नाय."

तो बरं म्हणाला होता. बायकोचा शब्द मोडायची त्याला सवय नव्हती.

नंबर आला. डॉक्टर नाझियांनी रामूच्या पाठीला नळी लावली. एकदा. दुसऱ्यांदा. मग पुन्हा, बराच वेळ.

"काम काय करता?"

"शेती," भामा त्याच्या आधी म्हणाली. "भाताची."

"आत्ता? एप्रिलमध्ये?"

"बांध घालायचे असतान ना."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "घरात गुरं, कोंबड्या काही?"

पडद्यापलीकडून मुनाफचा आवाज येत होता. मका, मका. भामाचे दात एकमेकांवर आपटू लागले. तिनं जबडा घट्ट मिटला. तिच्या डोळ्यांपुढं गुणाबाईचं अंगण होतं. त्यापुढं रामूची वर-खाली होणारी छाती.

"हायत थोड्या," ती म्हणाली. "खुडूक हायत."

"ताई, घाटावर काय चाललंय ते माहीत आहे ना तुम्हाला? यांनी आजारी पक्ष्याला हात लावला असेल, तर औषध वेगळं. आज द्यावं लागेल, उद्या नाही. लावलाय का?"

"नाय," भामा म्हणाली. "यांनी नाय लावला."

आणि ते खरंच होतं. आठ दिवसांत तिच्या तोंडून निघालेली तेवढी एक खरी गोष्ट होती.

डॉक्टर कागदावर गोळ्या लिहू लागल्या. रामू पुढं सरकला. त्यानं डॉक्टरांचा लिहिता हात मनगटाला धरला आणि नेऊन भामाच्या कपाळावर ठेवला.

"कोंबड्या मेल्यात, मॅडम. नऊशे," तो म्हणाला. "मी निस्ता खड्डा खनला. हातानं उचलून टाकल्या त्या हिनं. आन् कालपास्नं हीबी तापलीय. आता तं माज्यापेक्षा जास्त."